ते हेड मिस्त्रींचं नव्हतं

दस्तगीर मिस्त्रींनी निवडलेलं हेड मी बाजूला सारलं, माझ्या पसंतीचं हेड इंजिनावर बसवलं, त्यावर मिस्त्रींची खूण माझ्याच हातानं केली आणि कुणालाही काही सांगितलं नाही. चूक एवढीच. माझ्या फजितीचे किस्से मी आजवर चारचौघांत रंगवून सांगत आलो. स्वतःच्या वरातीत गाडी बंद पडली म्हणून प्लग काढून बघितला आणि काळे हात नवरीच्या शालूला पुसले, हा किस्सा गावभर मीच केला. हा एक तेवढा कधी सांगितला नाही. सांगायची भीती वाटत होती, आणि हे लिहितानाही वाटते आहे.

मिस्त्री गेल्याचं मला सुरेशनं सांगितलं. सुरेश हा माझ्या बायकोचा, शालनचा, एकुलता एक भाऊ. सकाळी मी फौंड्रीत निघालो होतो, जेवणाचा डबा सायकलच्या हँडलला अडकवत होतो. तो दारातच थांबला आणि म्हणाला, "दाजी, दस्तगीर मिस्त्री गेले. झोपेतच." मी अरेरे म्हणालो. डबा अडकवला, परत काढला, परत अडकवला... आणि मनात जे पहिलं आलं ते दुःख नव्हतं. सुटलो, असं आलं. आता हा माणूस कधीच कुणाला काही सांगणार नाही, असं आलं. दुःख दुपारी आलं, मातीला जाऊन परतताना, आणि मग जे आलं ते अजून गेलेलं नाही. पण त्याच्या आधी ती सुटका येऊन गेली होती, हे मी विसरू शकत नाही. चाळिसावा दिवसही होऊन गेला. आता लिहितो.

साठचं दशक सरत असताना डिप्लोमा काठावर पास करून मी एका फौंड्रीत सुपरवायझर झालो. पहिल्याच महिन्यात साहेबांनी एका इंजिनाचं हेड दाखवून आणायला मला कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिस्त्रींकडे पाठवलं. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं बिडाचं झाकण. पेट्रोलचा भडका त्याच्याच खाली उडतो, आणि ते गार राहावं म्हणून त्याच्या पोटातून पाणी खेळवलेलं असतं. कुठं केसाएवढी चीर असली तर आग आणि पाण्याची गाठ पडते. मी मिस्त्रींना सांगितलं की हेड मी तपासलेलं आहे, उत्तम आहे, तुम्ही फक्त व्हॉल्व्ह बसवा. हे मिस्त्री म्हणजे अंगानं काटकुळे, दाढी बारीक, बनियनवर कायम रॉकेलचा वास. त्यांनी मला स्टुलावर बसवलं. हेड तारेला टांगून बारक्या हातोडीनं टिचकी मारली आणि कान लावला. मग त्याच्या पोटात रॉकेल भरलं, बाहेरून कोरडं पुसलं, पांढऱ्या खडूची ओली पूड सगळीकडं सारवली आणि ते निघून गेले नमाजाला. मी तासभर बसलो. परत आले तेव्हा त्या पांढऱ्यावर एक काळी रेघ उमटली होती, वळवळीत, केसासारखी. हे हेड मी उत्तम म्हणून चिठ्ठीवर सही करून दिलेलं होतं. मिस्त्रींनी त्या सहीकडं पाहिलं, रेघेकडं पाहिलं आणि म्हणाले, "रॉकेलला डिप्लोमा लागत न्हाय की, सुपरवायझर." तेव्हापासून शेवटपर्यंत मी त्यांचा सुपरवायझरच राहिलो. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

पास झालेल्या हेडवर ते खूण करत. वेल्डर वापरतात तो दगडी खडू, तापलं तरी न पुसणारा, आणि त्यानं मारलेल्या दोन तिरक्या रेघा, एक लांब, एक आखूड. ही खूण असली की उद्यमनगरात कुणी दुसरा प्रश्न विचारत नसे. पण त्या खुणेबरोबर एक रिवाज होता, तो फक्त मिस्त्रींचा. शर्यतीची गाडी तयार झाली की तिच्या पहिल्या फेरीला ते ड्रायव्हरच्या शेजारी बसत. ज्यानं खूण केली त्यानं आत बसायचं, असा त्यांचा साधा हिशेब. त्यांचं लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी हे बंद करायला सांगितलं होतं म्हणे. मिस्त्री म्हणाले होते, मग खूणच बंद करतो आणि घरी बसतो, पोरगी देताय का बघा.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. सुरेशला शर्यतीचं वेड होतं. कोल्हापुरात हे वेड तेव्हा साथीसारखं पसरलेलं, त्यातून आमचं घर कसं सुटणार. एका जुन्या मोटारीचं चार सिलिंडरचं इंजिन घेऊन मिस्त्री, सुरेश आणि मी एक गाडी बांधत होतो. दक्षिणेत एका जुन्या धावपट्टीवर पुढच्या महिन्यात शर्यत होती, आणि त्याच्या पुढच्या महिन्यात सुरेशचं लग्न. अशात त्याच्या एका मित्रानं गोव्याच्या बंदरावरच्या भंगारातून एक टर्बो मिळवला. गोणपाटात गुंडाळून, चंदगडहून एस.टी.च्या टपावर, काजूच्या पोत्यांशेजारी बसून तो कोल्हापुरात उतरला. दोन पंखे, एकच दांडा. इंजिनाचा बाहेर जाणारा गरम धूर एक पंखा फिरवणार आणि दुसरा पंखा बाहेरची हवा कोंबून इंजिनात भरणार. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. आमच्या गल्लीत असलं काही कुणी पाहिलेलं नव्हतं. मिस्त्रींनी पंख्यावर फुंकर मारली. तो गरकन फिरला. त्यांनी पुन्हा मारली. मग चहा गार होईपर्यंत ते नुसतं फुंकतच बसले.

प्रश्न आला हेडचा. आमच्याकडं दोन हेडं होती, इंजिनावर बसवली की वरून सारखीच दिसणारी, फरक तळाचा. एक जुनं, तळ जाड आणि काळाकुट्ट, कुणी हात न लावलेला. दुसरं मी स्वतः आमच्या फौंड्रीच्या मशिनशॉपमध्ये घासून घेतलेलं. इंजिन पळवायचं तर हेड घासायचं, हे तेव्हा कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तळ घासून पातळ केला की भडक्याची जागा लहान होते, दाब वाढतो, गाडी उसळी घेते. ह्याच हेडवर सुरेशनं आदल्या वर्षी एक बक्षीस मारलं होतं. त्याचा तळ इतका चकचकीत होता की मी त्यात भांग पाडून बघितला होता. मिस्त्रींनी दोन्हीला रॉकेल लावलं, दोन्ही पास झाली, आणि त्यांनी खूण केली ती काळ्या हेडवर. मी वाद घातला. माझ्या मनाला लागलं होतं. त्यांनी समजावलं, की टर्बो आधीच हवा कोंबून पाठवणार आहे, वरून आपण जागाही लहान केली तर भडका वेळेआधी उडेल आणि इंजिन स्वतःलाच ठोकून काढेल. मला वाटलं, चौथी शिकलेला माणूस, नवीन गोष्टीला बिचकतोय.

रविवारी ते भाचीच्या लग्नाला कोडोलीला गेले. किल्ली माझ्याकडं होती. भर दुपारी मी वर्कशॉप उघडलं आणि माझं घासलेलं हेड इंजिनावर बसवलं. बोल्ट मधून कडेला, क्रमानं, अगदी पुस्तकाप्रमाणं आवळले. त्या कामात एक चूक काढून दाखवा. मग दगडी खडू घेतला आणि दोन रेघा मारल्या... हात थरथरला नाही, हे सांगायला मला आज जड जातंय. उलट मजा वाटत होती. शर्यत जिंकली की मी भर गल्लीत मिस्त्रींना सांगणार होतो, सुपरवायझरचं हेड होतं ते. काळं हेड सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि फौंड्रीच्या भंगारात टाकून आलो.

सोमवारी मिस्त्री आले. मी म्हणालो, तुमचा वेळ वाचवला, हेड बसवून ठेवलंय. त्यांनी लांबूनच पाहिलं. "खूण हाय न्हवं? मग बरं केलंस," म्हणाले आणि टर्बोच्या नळ्या जोडायला वाकले. इतकंच. इंजिन पहिल्यांदा हँडल मारून फिरवायचं होतं, तेव्हा मी पुढं झालो, कारण घासलेल्या हेडचा दाब त्यांच्या हाताला तिथंच कळला असता. हँडलनं उलटा झटका दिला आणि माझं मनगट सुजून टम्म झालं. मग ऐन एप्रिलात मी पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून हिंडत होतो. थंडी वाजतेय म्हणून सांगितलं. शालनला वाटलं मला कावीळ झाली, तिनं मला तीन दिवस बिनतेलाची भाजी घातली.

मंगळवारी पुण्याचे एक इंजिनियर आमच्या फौंड्रीत आले होते. जेवताना मी सहज विषय काढला. ते म्हणाले, टर्बो लावायचा तर हेडखालची जागा वाढवायला हवी, घासलेलं हेड लावलं तर गॅस्केट, म्हणजे हेडखालची सांधा बंद ठेवणारी पट्टी, उडेल, पिस्टनला भोक पडेल, वेगात असताना झालं तर आतला माणूस वाचेल की नाही सांगता येत नाही. आणि त्यांनी आमटी मागितली. मी ताटावरून उठलो. पळत भंगाराच्या ढिगाकडं गेलो. काळं हेड त्याच दिवशी सकाळी घणानं फोडून भट्टीत गेलं होतं. भट्टीवाल्यानं मला लाल रस दाखवला, त्यात आहे म्हणाला.

रविवारी मी मूर्ख होतो. मंगळवारी जेवणानंतर भेकड झालो. त्या दोन दिवसांत मी मिस्त्रींच्या दारापर्यंत चारदा गेलो. प्रत्येक वेळी वाक्य जुळवून जायचो आणि ते विचारायचे, काय सुपरवायझर, थंडी गेली का? मी म्हणायचो, जाते आहे. शालन भावाच्या लग्नाच्या याद्या करत बसलेली असायची. ती एखादं नाव वाचून दाखवायची आणि माझ्या डोळ्यांसमोर दुसरंच काही यायचं. मी मनाला सांगायचो, सुरेश पहिल्या फेरीत गाडी हळूच चालवेल. काही होणार नाही. मग आठवायचं, सुरेशला हळू ठाऊक नाही.

गुरुवारी उजाडता उजाडता आम्ही कळंब्याला गेलो. रस्ता मोकळा, एका बाजूला तलाव, अलीकडं तुरुंगाची लांबलचक भिंत. मी त्या भिंतीकडं बघायचं टाळत होतो. सुरेशनं हेल्मेट घातलं. मिस्त्री शेजारी बसायला निघाले आणि मी त्यांचा दंड धरला. म्हणालो, आज नको, तुमचा गुडघा दुखतोय. म्हणालो, धुकं आहे. धुकं नव्हतं. शेवटी म्हणालो, मी बसतो. सुरेश हसला. दाजी लुनावर मागं बसले तरी डोळे मिटतात, म्हणाला. मिस्त्री हसले नाहीत. माझ्याकडं जरा वेळ बघत राहिले. "खूण माझी हाय," ते म्हणाले. "मी न्हाय बसणार तर काय तुझी सासू बसंल?" आणि ते बसले. तोंड उघडायला माझ्याजवळ एवढा वेळ होता की एखाद्यानं चहा पिऊन घेतला असता. मी तोंड उघडलं, आणि गाडी गेली.

आधी नुसतं इंजिन ऐकू आलं. मग त्यातून एक शिट्टी निघाली, बारीक, चढत जाणारी. तो टर्बो होता, आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर अंगावर शहारा आला तो आनंदाचा होता. मग शिट्टीच्या खाली दुसरा आवाज सुरू झाला, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा. खडखड, खडखड. वेळेआधी उडणारा भडका. गाडी वळणाआड गेली होती. आवाज वाढला, एक फट झालं... आणि काही नाही. शिट्टी नाही, इंजिन नाही. तलावावर पाणकोंबड्या ओरडत होत्या तेवढ्याच. मी उभा होतो. पळायला हवं हे कळत होतं, पण वळणापलीकडं जे असेल ते बघायचं धैर्य होत नव्हतं. किती वेळ उभा होतो सांगता येणार नाही. मग पळालो. एक चप्पल तुटली, ती तिथंच टाकली.

गाडी रस्ता सोडून तलावाच्या बाजूच्या चरात तोंड घालून थांबली होती. सगळीकडं वाफ. सुरेश गवतात बसला होता, धडधाकट, फक्त दात वाजत होते. मिस्त्री पाण्याच्या काठाला उकिडवे बसून उजवा हात कोपरापर्यंत तलावात बुडवून होते. सुरेशनं तुटक तुटक सांगितलं. खडखड सुरू होताच मिस्त्री ओरडले, पाय काढ. ह्याला ऐकू आलं नाही. मग त्यांनी आडवा हात घालून किल्ली फिरवली, आणि त्याच क्षणी गॅस्केट उडालं. आमच्या गाडीला इंजिन आणि माणसं यांच्यामध्ये धड पत्राही नव्हता. उकळतं पाणी आलं ते किल्लीवरच्या हातावर. तो हात तिथं नसता तर सुरेशच्या तोंडावर आलं असतं.

मिस्त्री उठले. हात ओल्या फडक्यात गुंडाळलेला. गाडीजवळ गेले, वाकले आणि डाव्या अंगठ्यानं हेडवरची काजळी पुसली. खाली दोन रेघा होत्या. त्यांच्या रेघा तिरक्या असत, एक लांब, एक आखूड. ह्या सरळ होत्या, समांतर, सारख्या मापाच्या. ड्रॉइंगच्या पेपरात मला बरे मार्क होते. त्यांनी त्या रेघा बघितल्या आणि मान वळवून मला बघितलं. आता हा माणूस बोलणार, सुरेश ऐकणार, घरी शालन ऐकणार... मिस्त्री सुरेशला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चुकलं माझं. हेड निवडायला चुकलो." आणि माझ्याजवळून जाताना, हळू, "तुझ्या घरात बोलू नगंस. एकुलता भाऊ हाय तिचा. जलमभर तुझ्या ताटाकडं बगणार न्हाय ती."

त्यांचा हात बरा व्हायला पाऊसकाळ संपला. दोन बोटं वाकेनात. व्हॉल्व्ह नीट बसला की नाही हे ते बोटाच्या टोकानं ओळखत, ते गेलं. खूण ते डाव्या हातानं करू लागले, पण ती मागणारे कमी होत गेले. गल्लीत एक म्हण पडली होती. कुणाचं काही बिघडलं, भाकरी करपली तरी म्हणायचे, मिस्त्रींचं हेड बसवलंय काय? मीही त्या बैठकांत असायचो. हसायचो. न हसलो तर कुणाला शंका येईल, अशी भीती. शर्यतवाले दुसरीकडं गेले. मिस्त्री पाण्याच्या पंपांची इंजिनं दुरुस्त करत राहिले, जी जागच्या जागी उभी असतात आणि ज्यांच्या शेजारी कुणी बसायचं नसतं.

दर रविवारी मी त्यांच्याकडं जात राहिलो. लोक म्हणत, बघा, मिस्त्री पडत्या काळात आहेत तरी सुपरवायझर जातो. मी जायचो ते बघायला, की हा माणूस अजून गप्प आहे ना. कधी सांगायचं ठरवून गेलो तर 'मिस्त्री, ते हेड...' एवढं म्हणेपर्यंत ते म्हणायचे, चहा गार होतोय. मला वाटायचं ते मला वाचवताहेत. आता वाटतं, त्यांना कदाचित ऐकायचं असेल, पण मी दुसऱ्यांदा सुरुवात करतो का ते बघत असतील. मी दुसऱ्यांदा कधी केली नाही.

मागच्या आठवड्यात घरी सांगितलं. सुरेश म्हणाला, मी माझ्या पोरांना मिस्त्रींचं नाव सांगून शिकवलंय, की बेफिकीर माणसाच्या हातात इंजिन देऊ नये. शालननं माझं ताट वाढलं, झाकलं आणि ती आत गेली. तेव्हापासून ताट असंच झाकलेलं असतं. ह्या बाबतीतही मिस्त्रींचा अंदाज बरोबर होता.

परवा मिस्त्रींच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोला मी भाभी म्हणतो. त्या मेथी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, हेड, रेघा, भट्टी, तुरुंगाची भिंत, काही ठेवलं नाही. त्यांचे हात थांबले नाहीत. निवडता निवडताच म्हणाल्या, त्या हाताला सहा महिने मलम मी लावत होते, रोज विचारायचे, तुमच्यासारख्याचं हेड कसं चुकलं हो? ते म्हणायचे, झालं चुकून. आणि त्यांनी मेथीची पुढची जुडी ओढली. मला ते सोसवेना. मी घाईघाईनं म्हणालो, भाभी, मी हे पेपरात लिहिणार आहे, नावानिशी, माझी अब्रू गेली तरी चालेल, पण आता घाबरणार नाही.

त्यांनी मेथीची काडी मोडली आणि पहिल्यांदा वर पाहिलं.

"लिवा की. त्यांचं नाव नीट लिवा. पर लय धाडस केलं आसं सोताबद्दल लिवू नगा, भावजी. ते उत्तर द्यायला हुते तवर तुमची दातखीळ बसलीती."